चार कोपऱ्यांचा नंबर

मी टेम्पोवाला. शाळा चौथीपर्यंत, तीबी मास्तर आमच्या मळ्यातली वांगी न्यायचे म्हणून. पेठच्या डोंगरातून बायामाणसं टेम्पोत भरायची आन पिंपळगाव बसवंतला धनराजशेठच्या पॅकहाऊसवर आणून सोडायची, हे काम मी चौदा वर्सं केलं. जानेवारीत आणायची, द्राक्षं सपली का एप्रिलात परत नेऊन घालायची. मधले तीन-चार महिने ती पॅकहाऊसच्या मागं पालं ठोकून राहायची. दिवसभर कात्रीनं घड साफ करायचे, पेट्या भरायच्या. पावसाळ्यात ती आपल्या गावी भात लावायची आन मी टमाटे भरून वाशीला जायचो.

आधी पगार रोख असायचा. बाजाराच्या दिवशी शेठ टेबल मांडून बसायचा, नाव घ्यायचा, बाई पुढं आली का नोटा हातात. बाई त्या लुगड्याच्या गाठीत बांधायची आन गेटाबाहेर पडायची. गेटाबाहेर रस्त्याच्या मोरीवर नवरे बसलेले असायचे. सगळ्यांचे नाय, पण पाच-सात ठरलेले. त्यातला पयला काळू.

काळू म्हणजे गोजराबाईचा नवरा. त्यानं पॅकहाऊसात एकच दिवस काम केलं. दुसऱ्या दिवशी म्हणला, "आत लय गार लागतं." तव्हापासून तो मोरीवर. बायकोची गाठ सोडायचं काम मातर त्याला कधी जड गेलं नाय. गोजराबाई बारीक, हाडकुळी, तोंडानं फटकळ. ती नोटा पिठाच्या डब्यात लपवायची, चुलीच्या दगडाखाली लपवायची, एकदा तर गोधडीत शिवून टाकल्या. काळूला सापडायच्याच. मग दुसऱ्या दिवशी ती एक डोळा सुजवून कामावर यायची आन इचारलं का म्हणायची, "गांधीलमाशी चावली." आमच्याकडं बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लय गांधीलमाश्या असायच्या.

दोन हजार पाच साली शेठचा माणूस पगाराची पिशवी घेऊन येत व्हता, हायवेला दोघांनी त्याच्या डोळ्यात मिरचीची पूड टाकली आन पिशवी नेली. शेठ दोन दिवस जेवला नाय. तिसऱ्या दिवशी म्हणला, "आता रोख बंद. ज्याचा पगार त्याच्या खात्यात. कार्ड घ्या, मशीनमधून काढा."

बँकेचा एक पोरगेला साहेब फॉर्म घेऊन आला. तो म्हणला, आंगठेवाल्यांना कार्ड मिळत नाय, सही पायजे. बायांचं तोंड उतरलं. गोजराबाईची पोरगी ललिता तव्हा आश्रमशाळेत बारावीला व्हती, सुट्टीला आईकडं आली व्हती. तिनं तीन दिवसात आईला सही शिकवली. कोळशानं द्राक्षाच्या पेटीवर लिहून घ्यायची, पुसायची, परत लिहून घ्यायची. गोजराबाईचं बघून मग बाकीच्या शिकल्या. साहेब आला तव्हा बेचाळीस बाया वळीनं सही करत व्हत्या, जीभ बाहेर काढून.

कार्डं आली. पण मशीनपुढं उभं राहायचं कोणाला येतं? आकडे वाचायचे, बटणं दाबायची. सगळी कार्डं आली माझ्याकडं. कोणी कार्डाला लाल दोरा गुंडाळला, कोणी हळदीचं बोट लावलं, झुंबरबाईनं तर दातानं कोपरा चावून खूण केली. नंबर मी एका वहीत लिहिले. बाजाराच्या दिवशी बेचाळीस कार्डं शर्टाच्या खिशात घालून मी मशीनवर जायचो आन येताना नोटा घेऊन यायचो. कार्डामागं दहा रुपये माझे. म्हणजे डिझेलचे म्हणा, पायपिटीचे म्हणा, जे म्हणायचं ते म्हणा.

काळूचं लय अवघड झालं. मोरीवर बसला तरी बायको मोकळ्या हातानं बाहेर येते. आधी त्याला वाटलं, शेठनं पगारच बंद केला. मग कळलं, पैसे कार्डात हायेत. त्यानं बायकोला मारलं, कार्ड काढून घेतलं आन माझ्याकडं आला.

"देवरामशेठ, नंबर सांग."

"कशाचा?"

"ह्याचा. बायकोच्या कार्डाचा."

"बायको तुझी, आन नंबर मला इचारतो? तिला इचार."

"तिला लय इचारलं," काळू म्हणला. त्याच्या हाताची बोटं सोलली व्हती. "ती म्हणते, मला येतच नाय. देवरामदादाला येतो."

"मग मला येतो. आन मी सांगत नाय."

"का रं? तुझी कोण लागते ती?"

"गिऱ्हाईक लागते. कार्ड ठेव हितं, नायतर शेठला सांगून तुझी मोरीबी बंद करीन."

कार्ड ठेवून गेला. संध्याकाळी गोजराबाई आली. वठ फुटलेला, दोन्ही डोळे सुजलेले. आन हसत व्हती. मी म्हणलं, "बाई, हसतेस काय?"

"दादा, मार खाल्ला पण पैसा गेला नाय," ती म्हणली. "आजपोत्तर दोन्ही जायचं. आज एकच गेलं."

मी उगीच खोटं बोलणार नाय. कार्डानं त्या बायांचं भलं झालं. त्या हंगामात पालांच्या रांगेत पयल्यांदा स्टीलचे हंडे दिसले. गोजराबाई महिन्याला तेल-मीठापुरते काढायची, बाकी आत. दुसऱ्या हंगामात तिचे आठ हजार झाले. मशीनमधून निघालेली चिठ्ठी ती माझ्याकडून वाचून घ्यायची. "परत वाच." मी परत वाचायचो. "शून्य किती?" "तीन." मग चिठ्ठीची घडी करून कमरेला.

ते आठ हजार कशाला व्हते ते सगळ्या पॅकहाऊसला म्हाईत व्हतं. ललिता बारावी पास झाली व्हती आन तिला नर्स व्हायचं व्हतं. काळूनं सुरगाण्याकडचा एक पोरगा बघून ठेवला व्हता. त्यांच्यात देज असतं, म्हणजे नवऱ्याकडचे पोरीच्या बापाला पैसे देतात. त्या पोराचा बाप दहा हजार आन एक बोकड द्यायला तयार व्हता. काळूचा त्या बोकडात लय जीव. मायलेकींनी लय भांडून त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, का यंदा नर्सिंगला सीट लागली आन फी भरली तर पोरगी शिकेल, नाय लागली तर पुढच्या वैशाखात लगीन. काळू पाच माणसांत हो म्हणला. त्याला वाटलं, कुठं लागतीय सीट.

दोन हजार सहाचा एप्रिल. हंगाम सपत आला व्हता. गोजराबाई माझ्या टेम्पोजवळ आली.

"दादा, मला मशीन शिकव."

"कशाला? मी मेलो का?"

"पावसाळ्यात तू टमाट्यात असशील. पोरीचं बोलावणं आलं तर मी कुठं शोधू तुला?"

"पोरगी शिकलेली हाय, ती काढील."

"मला काढायचे," ती म्हणली. "मी मिळवले, मी काढीन."

आता खरं सांगतो, दहा रुपये जाणार म्हणून मला वाईट वाटलं. आज ही शिकली का उद्या झुंबरबाई शिकणार. पण त्या बाईच्या सुजलेल्या तोंडावरचं हसू मी पाह्यलं व्हतं. म्हणलं, चल, शिकवतो.

तिला आकडे येत नव्हते. सही यायची पण ती चित्रासारखी. मी माझं कॅल्क्युलेटर काढलं, भाड्याचा हिशेब करायला खिशात असायचं. म्हणलं, "हे बघ, मशीनची बटणं अशीच असतात. तीन वळी, दर वळीत तीन बटणं. खाली शून्याची वळ, ती सोडून द्यायची. आता ह्याला तुमचं भाताचं वावर समज."

तिचा चेहरा उजळला. त्यांच्यात एक रीत हाय. भात लावायच्या आधी वावराच्या चार कोपऱ्यांना शिजवलेल्या भाताचा निवद ठेवतात. वरच्या बांधापासून सुरुवात, मग गोल फिरत यायचं.

"डाव्या हाताचा वरचा कोपरा," मी म्हणलं. "मग?"

"मग उजवा वरचा. मग त्याच्या खाली उतरायचं. मग डावीकडं."

"बस. हाच तुझा नंबर."

मी कॅल्क्युलेटरच्या चार कोपऱ्यांवरचे आकडे वहीत लिहून घेतले. सात, नऊ, तीन, एक. दुसऱ्या दिवशी मशीनवर जाऊन तिच्या कार्डाचा नंबर बदलून तोच टाकला. सात, नऊ, तीन, एक. एकेक आकडा वाचून टाकला. मशीननं घेतला.

शेवटाला हिरवं बटण दाबायचं असतं, ते कॅल्क्युलेटरवर नव्हतं. गोजराबाईनं आपल्या कपाळाची हिरवी टिकली काढून 'बरोबर'च्या खुणेच्या बटणावर चिकटवली. दहा दिवस तिनं त्याच्यावर सराव केला. पेट्या भरताना मधेच यायची, चार कोपरे, टिकली. डोळे झाकून चार कोपरे, टिकली. एकदा नाय चुकली. मी म्हणलं, "बाई, आता नाशकात कुठल्याबी मशीनवर जा. आन नंबर कोणाला दाखवायचा नाय. पोटच्या पोरीलाबी नाय. दाबताना तिला तोंड फिरवायला सांगायचं."

जायच्या दिवशी तिला मशीनवर नेलं, म्हणलं एकदा माझ्यासमोर दाब. तर मशीनवर कागद चिकटवलेला, पैसे नाहीत. वॉचमन म्हणला, उद्या या. टेम्पोत बाया बसल्या व्हत्या, उद्या कुठून येणार. मी म्हणलं, "जाऊ दे, तुला येतंय."

ऑगस्टात मी वाशीला टमाटे उतरवायच्या रांगेत उभा व्हतो. दुपारचे दोन वाजले असतील. मोबाईल वाजला. एक रुपयाच्या डब्यावरचा फोन.

"दादा," गोजराबाईचा आवाज. "मशीननं कार्ड गिळलं."

पुढचं सगळं मला ललितानं नंतर सांगितलं, ते आधी सांगतो.

नर्सिंगच्या शाळेचं पत्र आदल्या संध्याकाळी गावात आलं व्हतं. ललिताचं नाव दुसऱ्या यादीत पयलं व्हतं. एक पोरगी सोडून गेली, तिची सीट रिकामी. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत साडेसहा हजार भरायचे, नायतर खालच्या नावाला जाणार. दोघी पहाटे निघाल्या. यश्टी रस्त्यात बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत ऊन वर आलं. पेठ नाक्याला उतरून चालत पंचवटी कारंजावर आल्या तव्हा दीड वाजला व्हता. मशीन तिथंच, काचेच्या दाराच्या आत. बाहेर देवदर्शनाला आलेल्या लोकांची रांग.

गोजराबाईनं चप्पल बाहेर काढली. देवळात जातात तशी आत गेली. ललिता म्हणली, "आई, मी दाबते, नंबर सांग." गोजराबाई म्हणली, "तू तोंड फिरव. देवरामदादानं सांगितलं हाय."

ललितानं तोंड फिरवलं. आईनं चार कोपरे दाबले, हिरवं दाबलं. मशीन म्हणलं, नंबर चुकीचा. परत दाबले. परत चुकीचा. बाहेर रांगेतला एक माणूस काचेवर टकटक करून म्हणला, "बाई, हा देव्हारा नाय, लवकर करा." माणसं हसली. ललिता म्हणली, "आई, आता थांब, देवराममामाला फोन करू." गोजराबाईच्या अंगाला घाम सुटला व्हता. ती म्हणली, "बाहेरची हसतात म्हणून माझं बोट हललं. आता सावकाश दाबते." तिसऱ्यांदा तिनं एकेक कोपरा हळू दाबला, जीभ बाहेर काढून, सही केली व्हती तशी. मशीन गुरगुरलं आन कार्ड बाहेर आलंच नाय.

बँक शेजारीच व्हती. काउंटर बंद व्हायला आलेलं. आतला साहेब म्हणला, "खातं पिंपळगावचं. तिथं जा, तिथं सही जुळली तर मिळतील. कार्ड आम्ही टपालानं पाठवतो, पंधरा दिवस लागतील."

"पैसे माझेच हायेत," गोजराबाईनं चिठ्ठ्यांची घडी काढून दाखवली. "हे बघा. तीन शून्य."

"असतील बाई. तुमचे नाहीत असं कुठं म्हणालो?"

पिंपळगाव तासाभराच्या वाटेवर. पोचेपर्यंत तिथलं काउंटर बंद झालं असतं. मग तिनं मला फोन केला.

मी इचारलं, "दाबलं काय तू?"

"तू शिकवलं तेच. चार कोपरे, वरच्या बांधापासून."

"आन हिरवं?"

"हिरवंबी."

"मग विसरली असशील. घाईत उलटं फिरली असशील."

"नाय दादा."

"मग मशीन काय येडं हाय का? येडी तू. तरी म्हणत व्हतो, हे आकड्याचं काम हाय, निवदाचं नाय."

मी असं बोललो. मागून टमाट्यावाले शिव्या घालत व्हते, टेम्पो पुढं घे म्हणून. तरीबी बोलायला नको व्हतं. ती म्हणली, "विसरली असंन मी."

मी धनराजशेठला फोन लावला. म्हणलं, शेठ, तुमचा नाशकात कांद्याचा गाळा हाय, तिथल्या माणसाला सांगून साडेसहा हजार द्या त्या बाईला. तिचे बँकेत पडलेत, उद्या मी स्वतः आणून देतो.

शेठ हसला. "देवराम, आपण रोख बंद केली ना? विसरला का?"

"शेठ, पोरीच्या आयुष्याचा सवाल हाय."

"मजुराला हातात पैसा द्यायचा नाही, हे मी मिरचीपुडीनं शिकलो. तिला म्हण, मशीनमधून काढ." आन फोन ठेवला. त्याच्या गाळ्यावर त्या घटकेला कमीत कमी दोन लाख रोख असतील. कांद्याचा यापार कार्डावर कोण करतं.

दोघी चालत नर्सिंगच्या शाळेत गेल्या. तिथं खिडकीत बसलेली बाई भली व्हती. म्हणली, "पाचपर्यंत वाट बघते, पुढं माझ्या हातात नाही." बाकावर खालच्या नावाची पोरगी आन तिचा बाप बसला व्हता. चांदवडकडचा माणूस. टावेलात गुंडाळलेल्या नोटा मांडीवर घेऊन बसलेला. तो मायलेकींकडं बघायचा आन घड्याळाकडं बघायचा. गोजराबाई भिंतीला टेकून खाली बसली व्हती आन फरशीवर बोटानं चार कोपरे दाबत व्हती. दाबायची, थांबायची, परत दाबायची.

पाच वाजले. चांदवडवाल्यानं टावेल सोडला. त्याच्या पोरीकडं फॉर्म भरायला पेन नव्हता. तिनं ललिताकडं मागितला. ललितानं दिला.

पाच-सहा दिवसांनी मी पिंपळगावला आलो. शेठच्या कांद्याच्या खळ्यावरच्या बायांची कार्डं घेऊन मशीनवर गेलो. एक कार्ड झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या नंबरात पयला आकडा सात व्हता. माझं बोट खाली गेलं. मी तिथंच थांबलो. सात खाली हाय. दोन वर्सं मी त्या मशीनवर बटणं दाबत व्हतो, पण मी आकडा वाचून दाबायचो, तो कुठं बसलाय ते कधी बघितलंच नव्हतं. खिशातून कॅल्क्युलेटर काढलं आन बटणांच्या शेजारी धरलं. कॅल्क्युलेटरवर सात-आठ-नऊ वर, एक-दोन-तीन खाली. मशीनवर एक-दोन-तीन वर, सात-आठ-नऊ खाली. सबंध वावर उलटं. तिनं वरच्या बांधापासून बरोबर सुरुवात केली व्हती. बांध मी चुकीचा दाखवला व्हता.

सांगायचं असं मी ठरवलं व्हतं. पेठला जाऊन सांगायचं, पाया पडायचं. पण टमाट्याचा हंगाम जोरात व्हता, आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दिवाळी झाली. मग जानेवारी आला आन ती सगळी परत टेम्पोत बसली. ह्या येळी ललिताबी व्हती. तिला आता घरी बसवून काय करायचं, म्हणून काळूनं कामावर धाडली. देज ठरलं व्हतं. वैशाख.

पालांवर सगळ्यांना गोजराबाईची गोष्ट म्हाईत झाली व्हती. ती स्वतःच सांगायची. "मशीनपुढं माझं डोकं बाद झालं गं. दहा दिवस शिकले आन ऐन टायमाला विसरले." झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. ती म्हणली, "आपल्यात तूच हुशार, तुझं असं झालं तर आमचं काय?" त्या हंगामात माझ्याकडं मशीन शिकव म्हणून कोणी आलं नाय. बेचाळीस कार्डांची एकसष्ट झाली. मी टेम्पोला नवीन टायर टाकले.

ललिता बारावी पास, म्हणून शेठनं तिला वजनाच्या काट्यावर बसवलं. एक दिवस हापिसातलं कॅल्क्युलेटर बंद पडलं. मी टेम्पोजवळ बिडी ओढत व्हतो. शेठ ओरडला, "देवराम, तुझं दे." मी खिशातून काढून काट्यावर ठेवलं आन मग माझ्या ध्यानात आलं. टिकली अजून तशीच व्हती. हिरवा रंग जरा उडाला व्हता.

गोजराबाई शेजारच्या टेबलावर घड साफ करत व्हती. तिनं टिकली बघितली.

"अगं, हेच ते," ती म्हणली. कात्री ठेवली, लुगड्याला बोटं पुसली. "बघ हं." चार कोपरे दाबले, बरोब्बर, वरच्या बांधापासून. टिकली दाबायच्या आत ललितानं तिचा हात धरला.

काचेवर आकडे आले व्हते. ललितानं वाचले. "सात, नऊ, तीन, एक."

मग तिनं माझ्याकडं बघितलं. "मामा, आईच्या कार्डाचा नंबर काय व्हता?"

"तोच," मी म्हणलं.

पोरगी शिकलेली. तिला मशीन म्हाईत व्हतं. तिची नजर कॅल्क्युलेटरच्या वरच्या वळीवरून खालच्या वळीवर गेली, परत वर आली. काट्यावर पेटी तशीच व्हती. मी बिडी विझवली, परत पेटवली.

गोजराबाई आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत व्हती. "बरोबर दाबलं ना मी?"

"बरोबर दाबलं," ललिता म्हणली.

"मग तव्हा चुकलं काय? दादा, तू सांग. विसरले नव्हते ना मी?"

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं व्हतं. पण तिथं शेठ उभा, झुंबरबाई कान देऊन, मागं साठ बाया. एकसष्ट कार्डं माझ्या खिशात. मी टेम्पोच्या नव्या टायराकडं बघत राहिलो.

"मशीन चुकलं, आई," ललिता म्हणली.

गोजराबाई हसली. त्या दिवशीसारखी हसली, वठ फुटला व्हता तव्हाची. "मी म्हणतच व्हते," ती झुंबरबाईला म्हणली. "माझं डोकं नव्हतं बाद. मशीनच येडं निघालं." मग कमरेचं टपालानं परत आलेलं कार्ड काढून तिनं माझ्या हातात दिलं. "घे दादा. तूच काढत जा. ते मशीन तुलाच भेतं. आज सगळेच काढ, लग्नाचा बस्ता घ्यायचा."

मी कार्ड घेतलं.

ललितानं त्या दिवसाची वजनं पुरी केली आन कॅल्क्युलेटर मला परत दिलं. टिकली नव्हती त्याच्यावर. तिनं नखानं खरवडून काढली व्हती, बटणावर नुसता डिंकाचा डाग. पुढं मोसमभर ती माझ्याशी बोलली नाय. वाईटबी नाय, चांगलंबी नाय. वैशाखात तिचं लगीन झालं. काळूनं देज रोख घेतलं, एकेक नोट उजेडाला धरून. बोकड दोन दिवस पुरला.

तिच्या आईनं कार्ड हातात दिलं त्या दिवशी मशीनवर जाऊन मी सगळ्यांचे पैसे काढले व्हते. गोजराबाईचे आठ हजार तिच्या हातात ठेवले. ती म्हणली, "आन तुझे दहा?"

मी म्हणलं, "राहू दे."

"नाय दादा, तुझं हाय ते तुझं हाय." तिनं दहाची नोट माझ्या खिशात कोंबली. मी काढून परत दिली नाय.